झावळ्या-सोडणांतील लिग्निन बुरशी कसे फोडते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आपल्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत, माडाच्या झावळ्या, नारळाची सोडणे (वरची काथ्याची साले), पोफळीच्या विऱ्या (पानांचे रुंद देठ) आणि काजूचा पालापाचोळा यांचा ढीग दोन पावसाळे उलटूनही जवळजवळ तसाच पडून आहे. त्यावर दोनदा शेणकाला घातला, एकदा बाजारातले कुजवण्याचे द्रावण शिंपडले, तरी फरक पडला नाही. रानात पडलेला आंब्याचा ओंडका मात्र कोणी काही न घालता भुसभुशीत होतो. मग लाकूड कुजवणारी बुरशी लिग्निन, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्य, नेमके कसे फोडते, ते काम ढिगात करवून घेता येईल का, आणि युरिया घालावा की नाही, असे आपण विचारले आहे.

मी फोंडा तालुक्यात धिंगरी अळंबीची लागवड आणि त्यातून उरलेल्या काडाचे खत हे काम पंचवीस वर्षे करीत आलो आहे. उत्तर लांबेल, पण ते मुळापासून द्यावे असे मला वाटते. कारण आपल्या ढिगात जंतूंची वाण नाही. बुरशीला लिग्निन फोडण्यासाठी जी परिस्थिती लागते ती त्या ढिगात नाही, आणि ती परिस्थिती कोणती हे लिग्निन फोडण्याच्या रीतीतूनच कळते.

वनस्पतीच्या पेशीभित्तीत मुख्यतः तीन घटक असतात. सेल्युलोजचे लांब तंतू, त्यांच्याभोवती हेमिसेल्युलोज, आणि या दोहोंच्या मधल्या जागा भरून काढणारे लिग्निन. आपल्या किनाऱ्यावर होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत काथ्या ठासून वर राळ भरण्याची जुनी रीत आहे. काथ्या ताण सोसतो आणि राळ पाणी अडवते. पेशीभित्तीत लिग्निनचे काम त्या राळेसारखे आहे. सामान्य लाकडात ते वीस ते तीस टक्के असते, भाताच्या काडात त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि नारळाच्या काथ्यात मात्र चाळीस टक्क्यांच्या वर जाते. सोडण इतके चिवट का, याचे निम्मे उत्तर या आकड्यातच आहे.

उरलेले निम्मे उत्तर लिग्निनच्या घडणीत आहे. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची एकसारखी साखळी. प्रत्येक दुवा आधीच्या दुव्यासारखाच असतो. त्यामुळे त्या दुव्यावर नेमके बसणारे विकर, म्हणजे एन्झाइम, तयार झाले की ते पाण्याच्या रेणूच्या साहाय्याने एकामागून एक दुवे तोडत जाते. लिग्निनला अशी साखळीच नाही. कौमारिल, कोनिफेरिल आणि सिनापिल या तीन अल्कोहोलांपासून वनस्पती ते बनवते, पण बनवताना त्यांचे अस्थिर मूलक, म्हणजे दिसेल त्याच्याशी जोडू पाहणारे रेणू, करून सोडून देते आणि ते मूलक जसे भेटतील तसे एकमेकांना चिकटतात. त्यातून उभे राहते ते षट्कोनी वलयांचे, सर्व दिशांनी गुंतलेले जाळे. त्यातील सर्वांत मोठा वाटा बीटा-ओ-४ या नावाच्या ऑक्सिजनयुक्त बंधाचा असतो, पण बाकीचे बंध अनेक प्रकारचे असून त्यांपैकी कित्येक थेट कार्बन-कार्बनचे आहेत. असा बंध पाण्याने तुटत नाही. शिवाय निरोगी लाकडाच्या पेशीभित्तीतील छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की विकराचा मोठा प्रथिन-रेणू आत शिरतच नाही. म्हणजे कुलूप ठराविक आकाराचे नाही आणि किल्ली दारापर्यंत पोहोचतही नाही.

यावर पांढरी कूज करणाऱ्या, म्हणजे लिग्निन काढून लाकूड पांढुरके करणाऱ्या, बुरशींनी जो मार्ग शोधला, तो माझ्या मते जीवसृष्टीतील अत्यंत धाडसी मार्गांपैकी एक आहे. ही बुरशी लिग्निनचा बंध पकडून कापत नाही. ती लिग्निनच्या वलयातून एक इलेक्ट्रॉन काढून घेते. इलेक्ट्रॉन गेला की ते वलय अस्थिर होते, आणि मग जवळचा कार्बन-कार्बन बंध किंवा ऑक्सिजनचा दुवा आपोआप तुटतो. कोणता बंध कुठे तुटेल हे विकर ठरवत नाही. ते फक्त तोल बिघडवते. लिग्निनची रचना अनियमित असल्याने तिच्यावर असाच अनियमित हल्ला लागू पडतो.

हे काम करणारे पहिले विकर १९८३ साली सापडले. अमेरिकेतील मॅडिसन येथील वनोपज प्रयोगशाळेत टी. केंट कर्क आणि मिंग टिएन यांनी, आणि त्याच वर्षी मायकल गोल्ड यांच्या गटाने, फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीत ते दाखवून दिले. त्याला आज लिग्निन पेरॉक्सिडेज म्हणतात. त्याच्या गाभ्यात हीम असते, म्हणजे आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये असते तसेच लोहयुक्त वलय. हायड्रोजन पेरॉक्साइड मिळाला की हे लोह अतिशय तीव्र ऑक्सिडीकारक अवस्थेत जाते आणि समोरच्या वलयातून इलेक्ट्रॉन ओढून घेते. लिग्निनचा अवाढव्य रेणू विकराच्या आतल्या पोकळीत मावणार नाही, म्हणून विकराच्या पृष्ठभागावर असलेल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लामार्फत इलेक्ट्रॉन बाहेरून आत नेला जातो. याच विकराच्या मदतीला बुरशी व्हेराट्रिल अल्कोहोल नावाचा छोटा रेणू स्वतः बनवून सोडते.

त्यानंतर वर्षभरातच मँगनीज पेरॉक्सिडेजचे वर्णन झाले, आणि आपल्या ढिगाच्या दृष्टीने मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. हे विकर लिग्निनला स्वतः हात लावत नाही. ते लाकडात आधीच असलेल्या मँगनीजला द्विसंयुजी अवस्थेतून त्रिसंयुजी अवस्थेत नेते. त्रिसंयुजी मँगनीज एकटे टिकत नाही, म्हणून बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडून त्याला धरून ठेवते. अळूच्या पानांमुळे घसा खवखवतो तो ज्या ऑक्झलेटमुळे, तेच हे ऑक्झलेट. मँगनीज आणि ऑक्झलेटची ही जोडी इतकी लहान असते की विकर जिथे पोहोचत नाही तिथे ती पाझरत जाते आणि दाट पेशीभित्तीच्या आतून लिग्निन सैल करू लागते. पोहोचण्याची अडचण बुरशीने अशी सोडवली आहे. स्वतः बाहेर थांबून ती लहानसा निरोप्या आत पाठवते.

तिसरे विकर लॅकेज. हे जपानी लाखेच्या झाडाच्या चिकात १८८३ सालीच ओळखले गेले होते. त्यात लोहाऐवजी तांबे असते आणि ते पेरॉक्साइडऐवजी हवेतील ऑक्सिजन सरळ वापरते. त्याची ताकद लिग्निन पेरॉक्सिडेजपेक्षा कमी, पण धिंगरीत ते भरपूर असते. काजूच्या पानांतील आणि सोडणातील टॅनिन व इतर फिनॉलयुक्त द्रव्ये निष्प्रभ करण्याचे काम ते उत्तम करते. पहिल्या दोन विकरांना लागणारा हायड्रोजन पेरॉक्साइडही बुरशीच तयार करते. ग्लायॉक्सल ऑक्सिडेज, अरिल अल्कोहोल ऑक्सिडेज यांसारखी विकरे साध्या पदार्थांपासून तो बनवतात, आणि त्यासाठी पुन्हा हवेतील ऑक्सिजनच खर्ची पडतो. कर्क आणि रोबर्टा फॅरेल यांनी १९८७ साली या सर्व प्रक्रियेला विकरांकरवी होणारे ज्वलन म्हटले. हा शब्द मला फार नेमका वाटतो. आपल्याकडे न्हाणीत पाणी तापवण्याच्या भाणाखाली झावळी जळते तीच ही गोष्ट, फक्त ज्योतीशिवाय, तीस अंशांवर आणि महिनोन्‌महिने चालणारी. लिग्निनचा कार्बन किरणोत्सर्गी खुणेने चिन्हांकित करून केलेल्या प्रयोगांत हेही दिसले आहे की शेवटी त्याचा मोठा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो.

आता ज्या एका गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते ती सांगतो. बुरशीला लिग्निन खायचे नसते. लिग्निनवर एकट्यावर ती जगू शकत नाही; ते फोडण्यासाठी तिला जवळ साखर, हेमिसेल्युलोज किंवा सेल्युलोज असे दुसरे इंधन लागते. लिग्निन तिच्या लेखी अन्नावरचे कवच आहे, आणि कवच फोडण्याचा खर्च ती तेव्हाच करते जेव्हा तो केल्याशिवाय गत्यंतर नसते. ढिगाबाबतचे सगळे निर्णय या एका वाक्यातून निघतात.

पहिला निर्णय हवेचा. ज्वलनाला हवा लागते, आणि पाण्यात बुडालेल्या किंवा दाबून बसवलेल्या ढिगात हे ज्वलन थांबते. याचा पुरावा किनाऱ्यावरच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला आहे. काथ्या काढण्यासाठी सोडणे खाऱ्या पाण्यात सहा-सहा, दहा-दहा महिने बुडवून ठेवतात. त्या काळात जिवाणू तंतूंमधले पेक्टिन खाऊन टाकतात आणि सोडण सुटे होते, पण काथ्याचा धागा शाबूत राहतो, कारण तिथे ऑक्सिजन नाही आणि ऑक्सिजनावाचून लिग्निन फुटत नाही. तसे नसते तर दोरी वळायला काही उरलेच नसते. आपला ढीग जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्यावर असतो आणि गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे चार महिने तो ढीग काथ्याच्या खाचरासारखाच वागतो. उरलेले आठ महिने तो कोरडा पडतो. दोन्ही अवस्थांत बुरशीला काम करता येत नाही. दोन पावसाळे होऊनही तो तसाच राहिला यात मला नवल वाटत नाही.

दुसरा निर्णय नायट्रोजनचा, आणि इथे युरियाच्या प्रश्नाला सरळ हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. फॅनेरोकीटवर १९७८ साली झालेल्या कामात असे आढळले की भोवतीचा नायट्रोजन संपल्यावरच ती लिग्निन फोडू लागते. लाकडात नायट्रोजन नगण्य असतो, तेव्हा उपासमारीची चाहूल हीच तिच्यासाठी कामाची सूचना ठरली आहे. अशा बुरशीच्या ढिगात पोतेभर युरिया ओतणे म्हणजे तिला काम थांबवायला सांगणे होय. धिंगरी मात्र याबाबत वेगळी आहे. नायट्रोजन वाढला म्हणून तिचे लिग्निन फोडणे बंद पडत नाही. म्हणूनच काथ्याच्या भुशासाठी जी पद्धत रूढ आहे, तीत एक टन भुशाला धिंगरीचे बियाणे (ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेले तिचे कवकजाल, म्हणजे तंतूंचे जाळे) आणि पाच किलो युरिया आलटून पालटून थरांमध्ये घालतात. कॉयर बोर्डाच्या कलवूर येथील संशोधन संस्थेचे पिथप्लस नावाचे उत्पादन याच धर्तीचे आहे. पाच किलो युरियात नायट्रोजन भरतो २.३ किलो, म्हणजे टनाला पाव टक्काही नाही. काथ्याच्या भुशात कार्बन आणि नायट्रोजनचे प्रमाण शंभरास एक याच्याही पलीकडे असते, तिथे बुरशीला स्वतःचे शरीर बांधण्यापुरता एवढा नायट्रोजन द्यावाच लागतो. तेव्हा माझे मत असे की नुसत्या सोडणाच्या भुशाला हे प्रमाण योग्य आहे; झावळ्या, पालापाचोळा आणि थोडे हिरवे गवत मिसळलेल्या ढिगाला युरियाची गरज नाही.

तिसरा निर्णय उष्णतेचा, आणि तो मी स्वतःच्या नुकसानीतून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत मी झावळ्यांच्या ढिगात ताजा गिरिपुष्पाचा पाला आणि कोंबडीखत भरपूर मिसळले, आणि त्याच दिवशी त्यात चाळीस बाटल्या धिंगरीचे बियाणे पेरले. चौथ्या दिवशी ढिगात तापमापी खोवला तर पारा ६२ अंशांवर होता. उकरून पाहिले तेव्हा ज्वारीच्या दाण्यांवरची पांढरी साय नाहीशी झाली होती, दाणे तपकिरी होऊन बोटांत चिरडत होते आणि त्यांना आंबूस वास येत होता. सगळे बियाणे उकडून मेले होते. धिंगरी आणि तिच्यासारख्या बहुतेक बुरशी २५ ते ३२ अंशांत सुखी असतात. फॅनेरोकीट ४० अंशांच्या आसपासही उत्तम वाढते, पण साठ अंशांत तिचाही निभाव लागत नाही. नेहमीचे कंपोस्ट तापते ते जिवाणूंमुळे आणि ते साखर व प्रथिने झपाट्याने संपवतात. लिग्निनचे काम त्या तापाच्या आधी किंवा नंतर व्हावे लागते, तापात नव्हे.

आता आपल्या रानातील ओंडक्याकडे येऊ, कारण कोणती बुरशी काय करते हे त्याच्यावर डोळ्यांनी पाहता येते. पुढच्या वेळी कुजलेल्या आंब्याचा किंवा फणसाचा एक तुकडा कोयत्याने काढून घ्या. तो पांढुरका, ओलसर, स्पंजासारखा असेल आणि बोटांनी ओढल्यावर धाग्याधाग्यांनी सुटत असेल, तर ती पांढरी कूज. लिग्निन गेले आणि सेल्युलोजचा पांढरा धागा अजून उरला, म्हणून तो रंग. त्यावर पेन्सिलीने ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेषा दिसल्या तर त्या बहुधा दोन बुरशींच्या वसाहतींमधील सीमा आहेत. प्रत्येक बुरशी आपल्या हद्दीला काळ्या रंगद्रव्याची भिंत घालते. याउलट तुकडा तपकिरी असेल, त्याला आडव्या-उभ्या भेगा पडून चौकोनी ठोकळे झाले असतील आणि चिमटीत त्याची विटकरी पूड होत असेल, तर ती तपकिरी कूज. जुन्या घरांच्या गळक्या कौलांखालचे वासे बऱ्याचदा असे होतात. तपकिरी कूज करणारी बुरशी लोह आणि पेरॉक्साइड यांच्या अभिक्रियेतून अत्यंत तीव्र मूलक निर्माण करते, त्यांच्या जोरावर सेल्युलोज तोडून खाते आणि लिग्निन थोडेसे बदलून मागे टाकते. ती विटकरी पूड म्हणजे बहुतांशी उरलेले लिग्निनच. मऊ कूज ही तिसरी तऱ्हा सतत ओल्या लाकडात, कुंपणाच्या खांबांच्या जमिनीलगतच्या भागात दिसते; आपल्या कामासाठी तिचे महत्त्व कमी.

पांढऱ्या कुजीतही दोन प्रकृती आहेत. काही बुरशी तिन्ही घटक एकदम संपवतात, तर काही लिग्निन आधी काढून सेल्युलोज राखून ठेवतात. चिलीच्या दक्षिणेकडील जंगलांत दुसऱ्या प्रकारची इतकी पूर्ण कूज होते की ओंडके पांढरे, मऊ होतात आणि तेथील लोक ते गुरांना खाऊ घालत आले आहेत. त्यामागे गॅनोडर्मा जातीची बुरशी आहे, आणि त्या लाकडात नायट्रोजन अत्यंत कमी असतो हे इथे लक्षात घेण्याजोगे आहे.

मात्र गॅनोडर्मा हे नाव वाचून ती आपल्या कुळागरात आणण्याचा विचारही करू नये. माडाच्या बुंध्याशी लाल-तपकिरी, लाखेसारखी चकाकणारी, कडक छत्री दिसते ती याच जातीची, आणि ती जिवंत माडाची मुळे व बुंधा कुजवते. पोफळीवर तिचा जो रोग येतो त्याला शेजारच्या कर्नाटकात अणबे रोग म्हणतात. अशा झाडाचा बुंधा आणि मुळे खणून काढून नष्ट करावीत, ढिगात कधीही घालू नयेत. लिग्निन फोडण्याची जी शक्ती आपल्याला ढिगात हवी आहे, तीच शक्ती उभ्या झाडात घातक ठरते.

बाजारातील द्रावणाने फरक का पडला नाही, याचे उत्तर त्यात काय होते यावर अवलंबून आहे. अशा पुष्कळ उत्पादनांत मुख्यतः ट्रायकोडर्मा आणि जिवाणू असतात. ट्रायकोडर्मा सेल्युलोज फोडण्यात तरबेज आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सैन्याचे तंबू आणि कापड कुजवणाऱ्या बुरशीपासूनच आज उद्योगांत वापरले जाणारे सेल्युलेज मिळाले. पण लिग्निनच्या कवचापुढे तिचे फारसे चालत नाही. भाताच्या काडासाठी तयार केलेले मिश्रण सोडणावर तेच काम करील अशी अपेक्षा ठेवू नये, कारण सोडणात लिग्निन कित्येक पटींनी जास्त आहे. शेणकाल्याचेही तसेच; त्यातील जिवाणू मोलाचे आहेत, पण त्यांची पाळी नंतर येते.

लिग्निन फोडण्याची ही सगळी व्यवस्था आपल्या डोळ्यांसमोर आणखी एका ठिकाणी चालू असते, आणि गोव्यातील माणसाला ते ठिकाण दाखवायला नको. पावसाळ्यात ज्या रोयणीवर, म्हणजे वारुळावर, अळमी (रानअळंबी) उगवतात, ज्या रोयणीला आपण सातेरी देवी म्हणून पुजतो, तिच्या पोटात वाळवी बुरशीची शेती करते. पाने आणि लाकूड चघळून, आतड्यातून बाहेर टाकून वाळवी त्याचे सच्छिद्र पोळे रचते. त्यावर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढते आणि जुने झालेले पोळे वाळवी पुन्हा खाते. लिग्निन सैल करण्यात बुरशीचा वाटा किती आणि वाळवीच्या आतड्याचा किती, यावर संशोधकांमध्ये एकमत नाही. पण पोळ्याची जागा पाहा: बारीक केलेला माल, ऊब पण ताप नाही, भरपूर ओल पण साचलेले पाणी नाही, आणि सतत खेळती हवा. आपल्याला ढिगात जे करायचे आहे ते सगळे तिथे तयार आहे. त्या रोयणी सपाट करू नयेत आणि त्यावरच्या अळमी सगळ्या न ओरबाडता काही उमलून बीजाणू टाकेपर्यंत राहू द्याव्यात, हे मी भेटेल त्या प्रत्येकाला सांगतो.

आता आपल्या ढिगाचे काय करावे ते सांगतो. प्रथम माल वेगळा करा. अख्खी सोडणे कुजवण्याच्या नादी लागू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. माडाच्या आळ्यात किंवा दोन ओळींमधल्या चरात ती पोकळ बाजू वर करून थराने पुरली, की पावसाचे पाणी धरून ठेवतात, हळूहळू पालाश देतात आणि पाच-सहा वर्षे उपयोगी पडतात. तिथे त्यांचे न कुजणे हाच गुण आहे. जांभ्याच्या आपल्या जमिनीतून पाणी झरझर निघून जाते, तेव्हा असा गुण वाया घालवू नये.

झावळ्या, विऱ्या आणि नारळ काढून रिकाम्या झालेल्या घडांचे देठ मात्र बुरशीला द्यावेत. कासारगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने झावळीच्या देठांवर आणि घडांच्या देठांवर धिंगरी वाढवण्याचे काम केलेले आहे. हा माल पाच ते सात सेंटिमीटरचे तुकडे होतील असा कुट्टी यंत्रातून काढा. झावळीच्या पानावर मेण आणि वाळूसारखा सिलिका असतो, बुरशीचा तंतू तिथून आत शिरत नाही. तो कापलेल्या तोंडातून शिरतो, म्हणून जितकी तोंडे जास्त तितके काम लवकर. दोन पावसाळे उघड्यावर भिजलेला आपला जुना ढीग इथे उलट उपयोगाचा आहे, कारण त्यातील बोचरी फिनॉलयुक्त द्रव्ये पाण्याबरोबर बरीच निघून गेली आहेत. काजूचा पाला एकूण मालाच्या चौथाईपेक्षा अधिक घेऊ नका.

तुकडे रात्रभर भिजवून निथळू द्या. मूठभर घेऊन घट्ट पिळल्यावर बोटांच्या फटींत दोन-चार थेंब दिसावेत, धार लागू नये. छपराखाली, आडव्या काठ्यांच्या तळावर, गुडघ्याच्या थोडे वर येईल एवढाच उंच आणि मीटरभर रुंद ढीग करा. याहून उंच केला तर तो तापतो आणि खालचा थर दबतो. बियाणे म्हणून ताज्या बाटल्यांपेक्षा अळंबी काढून झालेल्या धिंगरीच्या पिशव्यांतील काड मला अधिक भरवशाचे वाटते. माल निर्जंतुक केलेला नसल्यामुळे त्यात हिरवी बुरशी आधीच असते, आणि एकेका दाण्यापेक्षा कवकजालाने घट्ट विणलेला ढेपा तिच्यासमोर तग धरतो. मालाच्या प्रत्येक वीतभर थरावर या काडाचा दोन बोटे जाडीचा थर द्या. वरून ओले गोणपाट झाका, आणि मग चाळीस दिवस ढीग हलवू नका. दर आठवड्याला ढीग परता, हा सल्ला जिवाणूंच्या कंपोस्टसाठी बरोबर आहे. बुरशीच्या ढिगात प्रत्येक परतणे म्हणजे तिचे जाळे फाडणे. हवा तळाच्या काठ्यांमधून आणि तुकड्यांच्या फटींमधून मिळू द्या. ढिगावर अळंबी उगवल्या तर छत्री पूर्ण पसरण्याआधी काढा आणि त्या दिवसांत नाकातोंडावर फडके बांधा. धिंगरीचे बीजाणू छातीत जाऊन काहींना ताप आणि खोकला येतो.

आमच्याकडे अशा ढिगात ऑक्टोबरमध्ये सुरुवात केली तर पानांचा भाग तीन महिन्यांत आणि देठांचा सहा-सात महिन्यांत तयार होतो. याहून लवकर होण्याची हमी कोणी देत असेल तर त्यावर विसंबू नये. सगळे लिग्निन संपेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही, आणि माझ्या मते थांबू नये. अर्धवट फुटलेले, काळपट पडलेले लिग्निनच मातीत ह्यूमस होऊन राहते, आणि आपल्याकडच्या पावसात अन्नद्रव्ये धरून ठेवणारे तेवढेच असते. म्हणून देठाचा एक तुकडा काढून दोन्ही हातांनी वाकवा. तो लवचीकपणे परत उसळला तर अजून वेळ आहे. आवाज न करता मोडला, मोडलेल्या तोंडाशी पांढुरके धागे दिसले आणि पावसानंतरच्या रानाचा वास आला, तर बुरशीचे काम झाले. त्या दिवशी मालाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके शेण पातळ कालवून त्यात मिसळा आणि आठवड्याने यूड्रिलस जातीची गांडुळे सोडा.